नावेच्या जागी मेंढरं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. हल्ली मला गायचा कंटाळा येतो आणि बोलायचा तर त्याहून जास्त. पण तानूबाईच्या घरात खरं गाणं कोणतं यावरून जो वाद झाला, तो पहिल्यापासून ऐकलेला मी एकटाच. म्हणून बोलतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, तरुणपण मात्र धुळाच्या खांद्यावर गेलं. धुळा चांदे गावचा मेंढपाळ. लग्न झाल्यावर तानूबाईच्या हौसेखातर त्याने मला घेतलं आणि सोबत तिच्या आवडत्या सिनेमाची कॅसेट आणली. त्यात नदीचं, नावेचं एक गाणं होतं. गाणारीचा आवाज असा, की वाजवताना मलाच भारी वाटायचं. उरवड्यापासून कासारसाईपर्यंत कोणाच्याही शेतात खतासाठी मेंढरं बसली, की तिथल्या बाया मला ऐकायला यायच्या. ते माझे कौतुकाचे दिवस.

एका दुपारी धुळाला वाटलं, हे गाणं आपणही भरावं. रेकॉर्डिंगचं लाल बटण दबत नसेल तर कॅसेटच्या कडेच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, एवढंच त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीत आणखी मेंढरं घातली तर आधीची सरकून जागा देतात. कॅसेटमध्येही गाणी तशीच सरकून घेतील, अशी बिचाऱ्याची समजूत. तो मोकळ्या गळ्याने गायला. नाव त्याने कधी बघितली नव्हती, म्हणून नावेच्या जागी मेंढरं घातली. मध्येच एक मेंढी पिकात शिरली, तेव्हा चालू गाण्यातच ‘हिर्रर्र, हिकडं!’ अशी हाकही ठोकली. आधीचं गाणं अर्थातच पुसलं गेलं.

संध्याकाळी तानूबाईने मला लावलं आणि घर डोक्यावर घेतलं.

“माजं गानं पुसलं आन् ह्ये काय भरून ठिवलंय तुमी? गान्यात कुनी मेंढरं हाकतं व्हय?”

“अगं, नाव भलतीकडं चालली आसती तर नावाड्यानं बी हाक मारलीच आसती की,” धुळा म्हणाला. ती काही हसली नाही.

पुढे धुळा ऐन तरुणपणी तापाने गेला. तानूबाईने मला फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. तिला त्याचा आवाज ऐकवेना. तिचा मुलगा सिद्धनाथ मोठा झाला, बापासारखीच हाक मारत मेंढरं राखू लागला, त्याची लेक अपेक्षा कॉलेजात गेली. मी पेटीतच. अंधाराचाही शीण येतो, मित्रांनो.

यंदा ते नावेचं गाणं कोणीतरी नव्याने गायलं, ठेका बदलून. अपेक्षाच्या फोनवर ते दिवसभर वाजायचं.

“ह्ये खरं न्हाई,” तानूबाई एकदा म्हणाली. “खरं तुज्या आज्याचं.”

अपेक्षाने फोनवर सिनेमातलं गाणं शोधून ऐकवलं. “आजी, मूळ गाणं हे आहे.”

“बाई गाती चांगली,” तानूबाई म्हणाली. “पर ह्यात मेंढरं कुटं हायेत?”

मग मला पेटीतून काढलं. वायर लावली, बटण दाबलं आणि माझी लाज गेली. माझा आतला रबरी पट्टा सैल पडलेला. धुळाचा आवाज जाड झाला, संथ झाला, ओढत ओढत येऊ लागला. मूळ गाण्याची सगळ्यांत वाईट नक्कल माझ्याच पोटातून निघत होती.

“ह्यो त्येंचा आवाज न्हाई,” तानूबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. “का मीच इसरले गं त्येंचा आवाज?”

मला फार वाईट वाटलं. तिच्याकडे धुळाचं दुसरं काहीच नव्हतं, साधा फोटोसुद्धा नाही.

अपेक्षाने माझं रडगाणं फोनमध्ये भरून घेतलं आणि अंगणात बसून त्याचा वेग जरा जरा वाढवत राहिली. वाघरीत मेंढरं रवंथ करत होती. ती ढिम्म हलत नव्हती. आणि एका वेगाला फोनमधून ‘हिर्रर्र, हिकडं!’ आलं, तशी सगळी मेंढरं उठून उभी राहिली. सिद्धनाथ तर घरात जेवत होता.

“ह्येच!” तानूबाईने तोंडाला पदर लावला. “ह्येच ते!”

आता माझं काम संपलं, असं मी समजलो. सिद्धनाथ मला भंगारात द्यायला निघालाही. तानूबाईने मला त्याच्या हातातून काढून घेतलं, उशाशी ठेवलं आणि बटण दाबलं. तोच जाड, ओढलेला आवाज.

“आजी, फोनवर किती छान ऐकू येतंय,” अपेक्षा म्हणाली.

“फोनातले लई तरने हायेत गं. मला नातवासारके वाटत्यात,” तानूबाई म्हणाली. “ह्यातले माज्यासंगट म्हातारे झाल्यात.”

जुन्या वस्तूंची निगा राखा, वेळेवर दुरुस्ती करा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. मित्रांनो, जरूर करा. माझा पट्टा मात्र एवढ्यात बदलू नका.