काळ्या कोटाची काजं

"म्हणजे चोर पळाला आणि आता पहारेकरीच घर फोडताहेत, असंच ना?" काजवाल्या मावशींनी सुजलेली बोटं टेबलावर ठेवत विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "साधारण तसंच. तापाचा विषाणू केव्हाच गेला. पण त्याच्याशी लढताना रक्तातल्या पेशींमधली काही जनुकं जागी झाली. सूज आणायचे हुकूम तीच सोडतात. त्यांतली काही अजून झोपायला तयार नाहीत. म्हणून सकाळी बोटं आखडतात."

"मग सांगा की त्यांना, गेला म्हणून!"

"गोळ्या त्यासाठीच देतेय. वेळ लागेल. तोवर सुई खाली ठेवा."

"माझ्या रक्तात राहायचं आणि माझ्याच बोटांवर उठायचं? गोळ्या द्या. सुईचं नाव काढू नका."

सोबत मी होतो. मावशी ज्या शिंप्याच्या दुकानात काजं करतात, तिथं मी इस्त्री फिरवतो. मावशींचं काज काय सांगू! एका गिऱ्हाइकाचा कोट चोरांनी ओरबाडून नेला; कापड गेलं, काजं मात्र त्याच्या मुठीत शाबूत राहिली. मी स्वतः पाहिलंय. खोटं मी फक्त महत्त्वाच्या बाबतीत बोलतो.

दुकानात आलो तर मावशींच्या खुर्चीपाशी काजाच्या मशीनचं खोकं. मालक नजर चुकवत म्हणाला, "मावशी, तुम्ही आता धागे तोडायला बसा. त्रास नको."

"खुर्ची कुणाची?"

"तसं नव्हे हो. हा काळा कोट उद्या द्यायचाय. काळ्यावर काळा दोरा, तो दिसतो सकाळच्या उन्हात. आणि सकाळी तर तुमचे हात…"

खरंच होतं ते. काळ्या कोटाची काजं आमच्याकडे सकाळीच व्हायची, दारातल्या उजेडात. मावशींची बोटं सैल पडायची ती उन्हं कलल्यावर.

"जमलं तर खोकं परत जाईल?" मावशींनी विचारलं.

"जमलं तर," मालक म्हणाला. जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं, नाहीतर इतक्या चटकन बोलला नसता.

दुपार उलटली. दाराशी अंधारून आलं. मी दिवा लावायला उठलो.

"बसा खाली," मावशी म्हणाल्या. "दिव्यानं डोळ्यांना नुसता लोभ सुटतो." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

अंगठ्याच्या नखानं चीर चाचपायची, टाका घ्यायचा, गाठ ओढायची. पहिलं काज झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला कपाळावर घाम आला. मालक हातातली कात्री विसरून उभाच. त्यानं तिन्ही काजं खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली आणि कोट परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

चौथं अर्धं झालं आणि बोटं मिटली ती मिटलीच. सुई आत, मूठ बंद.

"आणा इकडे, सोडवतो," मी हात पुढे केला.

"खबरदार!"

"मावशी, राहू द्या ना," मालक हळूच म्हणाला. "उरलेलं अर्धं मशीन करेल."

मावशींनी दातांनी दोरा तोडला. कोट झटकून आपल्या खुर्चीच्या पाठीवर नीट चढवला, खांदे सारखे केले.

"उद्या दुपारी उरलेलं अर्धं. गिऱ्हाइकाला सांगा, संध्याकाळी ये. तोवर याला कुणी हात लावला, तर बघा!"

आणि त्या भरल्या रस्त्यातून घरी निघाल्या. सुजलेल्या मुठीतून सुईचं टोक पुढे आलेलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते.