मी त्याची मादी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनं फुलपाखरू आहे, काचेच्या पेटीत टाचणीला टोचलेलं. आगगाडी येऊन तीसेक वर्षं झालेल्या कल्याणच्या खाचरांत, अळी असताना भाताच्या पानाची सुरळी करून, तेच पान खाऊन मी लहानाचा मोठा झालो. शेतकऱ्यांनी तेव्हा शिव्याच दिल्या. रंगाने मातकट, अंगाने जाडसर, पण उडायला असा चपळ, की मला जाळ्यात धरताना फुलपाखरं जमवणाऱ्या भाऊमास्तरांचं धोतर बोरीच्या काट्यांनी टराटरा फाटलं.

पेटीत माझ्या शेजारी एक होता. तोही मातकट, तोही ठिपकेवाला. फक्त त्याच्या पुढच्या पंखावर एक फिकट तिरकी रेघ होती. त्या रेघेचं काय ते कौतुक! पाहुणा आला की मास्तर आधी तीच दाखवत.

“ही खूण नरालाच असते बरं का!”

मी जळून खाक होई. कौतुक गेलं चुलीत. पण मला रेघ नाही म्हणून मास्तरांनी माझ्या चिठ्ठीवर त्याचंच नाव लिहिलं आणि पुढे जोडलं, ‘मादी’. मी नर, जात वेगळी, आणि त्या मेल्याची बायको! मला माझं नाव हवं होतं, दुसरं काही नको.

पुढे ठाण्याला प्रदर्शन भरायचं ठरलं. आदल्या दिवशी मास्तरांचे स्नेही दौलतराव भिंग घेऊन पेटी बघायला आले आणि माझ्यापाशी थबकले.

“भाऊ, ही त्याची मादी नव्हे. तिला रेघेच्या जागी दोन पांढरे ठिपके हवेत. ह्याला एकच, तोही पिवळट. जातच निराळी. नाव शोधावं लागेल.”

सुटलो, मला वाटलं! मास्तरांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“खरंय रे. पण राहू दे. जोडी छान दिसते. एवढं कोण बघतंय?”

दोघे फराळाला आत गेले. मास्तरांची बायको कमळाबाई काच पुसायला आली. तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं. फडकं थांबवून ती हळूच मला म्हणाली, “माझंही लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, बघ. माहेरची मी गोदा.”

मित्रांनो, नावं ठेवायला सगळेच पुढे असतात. नाव देण्याआधी ठिपके मोजायला मात्र कुणाला सवड नसते. तुम्ही तेवढी काढा. त्या दिवशी मला शेजाऱ्याचा नाही, कमळाबाईचा हेवा वाटला. तिला निदान आपलं खरं नाव ठाऊक होतं.