टापूवरची अंडी

पेठ गावात दादाभाऊचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, वाढदिवस यांवर त्याचं घर चालायचं; जीव मात्र पाखरांत अडकलेला. लग्नसराईत एखादा दिवस मोकळा मिळाला की कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून तो मोटारसायकलवर डिंभ्याच्या धरणाची वाट धरायचा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधोमध गोट्यांचा एक टापू उघडा पडे, आणि तिथे नदी सुरय नावाची पाखरं अंडी घालायला येत. काळी टोपी घातल्यासारखं डोकं, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. घरटं म्हणून काडीसुद्धा नाही. गोट्यांत जराशी खळगी करायची आणि गोट्यांसारखीच ठिपक्यांची दोन-तीन अंडी त्यात घालायची.

टापू त्याला दाखवला चिमाजीबाबांनी. म्हातारा डिंभ्याचा, धरणात जाळी टाकून पोट भरणारा. आठ वर्षं ते दादाभाऊला आपल्या होडीतून नेत आले होते. त्यांचं म्हणणं एकच होतं: टापूवर पाय ठेवायचा नाही, आणि ऊन चढायच्या आत माघारी फिरायचं.

"पाखरू उठलं की अंडं उघडं पडतंय, भाऊ," ते सांगायचे. "ह्या उन्हात तव्यावर ठिवल्यागत व्हतं ते."

यंदा दादाभाऊने फेसबुकवर एक फोटो टाकला. नर आपल्या चोचीतला मासा मादीला भरवतोय, असा. फोटो हजारो लोकांनी पाहिला. चौथ्या दिवशी पुण्यातल्या एका नावाजलेल्या छायाचित्रकाराचा फोन आला. "सर, अशी फ्रेम आम्हाला वीस वर्षांत मिळाली नाही. जागा दाखवाल का? दोघंच येऊ."

दादाभाऊला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. तो हो म्हणाला.

रविवारी दोघांऐवजी अकरा जण आले. चिमाजीबाबा त्यांच्या हातभर लांब लेन्सांकडे बघत राहिले. "एवढी माणसं न्हाई न्यायची, भाऊ." दादाभाऊने त्यांना बाजूला घेतलं, गळ घातली, आता माघारी कसं धाडू म्हणाला. आठ वर्षांची ओळख. म्हातारा नाइलाजाने होडीकडे वळला. आणखी दोन होड्या ठरवल्या आणि टापूवर पोचेपर्यंत दहा वाजून गेले.

होडी हलते, फोटो हलतात, म्हणून आधी एकजण टापूवर उतरला. मग सगळेच उतरले. पाखरं एकदम उठली आणि डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालू लागली. माणसं गोट्यांवर पोटावर पडून, सरकत सरकत कॅमेरे लावू लागली. अकरा वाजले, बारा वाजले. गोट्यांवर हात ठेववेना.

"भाऊ, हालवा ह्यांना," चिमाजीबाबा होडीतून म्हणाले. "अंडी शिजत्याल."

"दहा मिनिटं, बाबा," दादाभाऊ म्हणाला.

कारण तोही उतरला होता. एक मादी त्याच्याच अंगावर पुन्हा पुन्हा झेपावत होती, आणि असे फोटो त्याला जन्मात मिळाले नव्हते. ते दीड वाजता निघाले.

पुढचे तीन आठवडे सवड मिळेल तेव्हा दादाभाऊ डिंभ्याला गेला. चिमाजीबाबा त्याला नेत आणि लांबूनच दाखवत. पाखरं परत बसली होती. पाण्यावर उतरून पोट भिजवायची, येऊन अंडी गार करायची, पुन्हा जायची. ते बघून दादाभाऊला आशा वाटे. पिल्लं निघायचे दिवस आले आणि गेले. पाखरं बसूनच होती. मग एकेक करून ती उठून गेली, आणि एका सकाळी टापूवर कावळे दिसले.

त्या दिवशी चिमाजीबाबा पहिल्यांदा टापूवर उतरले. चौदा अंडी उरली होती. त्यांनी एक उचललं, कानाशी हलवलं आणि गोट्यावर फोडलं. घाण वास सुटला. आत पिल्लू होतं, डोळे मिटलेलं, चोचसुद्धा तयार झालेली.

"माझ्यामुळं झालं, बाबा."

"पयली चूक माजी. मीच तुमाला हितं आणलं." त्यांनी पाण्यात हात धुतले. आवाजात राग नव्हता. "आता येत जाऊ नका, भाऊ."

काठाला लागल्यावर होडी बांधून म्हातारा मागे न बघता घराकडे गेला.

स्टुडिओत आल्यावर दादाभाऊने रविवारचे सगळे फोटो पुसायचं ठरवलं आणि कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर ती मादी आली. पंख पसरलेले, चोच उघडी, पिसन् पीस धारदार. आणि डोळ्यात, नीट मोठं करून पाहिलं तर, कॅमेरा धरलेला माणूस. याहून चांगला फोटो त्याच्या हातून पुन्हा होणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. बटणावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला. त्याच्याने तो पुसवला नाही. यापुढे स्वतःला कुठल्या तोंडाने पाखरांचा माणूस म्हणवून घ्यायचं, हे त्याला कळेना. बाहेर कुणीतरी पासपोर्टच्या फोटोसाठी हाक मारत होतं. तो उठला नाही.