शनिवारची तारीख

अर्थसंकल्पाबरोबर मंजूर झालेल्या कायद्यातलं एक पान साहेबांनी प्रयोगशाळेतल्या फळ्यावर टाचलं होतं. नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा वेगळा निधी बंद, शिल्लक सगळी सर्वसाधारण तिजोरीत. तपासणीची फी दीडपट. आणि नियमात एक छोटीशी दुरुस्ती: ‘नमुना आल्यापासून चोवीस तासांत’ याऐवजी ‘कामाच्या दिवशी’. शनिवारची पाळी अशी दोन शब्दांत गेली.

"म्हणजे आईबापांनी फी जास्त भरायची आणि आपण मशिनवर चादर घालून घरी बसायचं," तंत्रज्ञ बाई म्हणाली. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

नमुने आणणारे गाडीवाले मामा हसले. "अहो ताई, आजारांनाही शनिवार-रविवारची सुट्टी मंजूर झालीय!"

त्याच आठवड्यात शुक्रवारी पावणेपाचला मामांनी शेवटचा गठ्ठा आणून टाकला. अडतीस कार्डं. प्रत्येकावर कुणाच्या तरी इवल्याशा टाचेतून घेतलेले, सुकून तपकिरी झालेले रक्ताचे ठिपके. एका कार्डाच्या कडेला वॉर्डातल्या सिस्टरने गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: ‘सहा दिवसांचं. दूध घेतलं की उलटी. डोळे पिवळे. कृपया लवकर.’

तिने ते कार्ड गठ्ठ्यातून बाजूला काढलं. काही बाळांना दुधातली साखर पचतच नाही, अगदी आईच्या दुधातलीसुद्धा. वेळेत कळलं तर दूध बंद करायचं, वेगळी पावडर द्यायची, की पोर सावरतं. नाही कळलं तर आई बिचारी मायेने पाजत राहते आणि प्रत्येक घोट यकृत जाळत जातो.

"साहेब, हे आत्ताच लावते. तीन तासांचं तर काम आहे."

"सोमवारी," साहेब बॅगेची चेन लावत म्हणाले. "पाचनंतर मशिन चालू दिसलं तर मला उत्तर द्यावं लागतं. कायदा मी केला का, बाई?"

"तोपर्यंत वीसेक वेळा पाजतील त्याला!"

"सगळ्याच बाळांचं काही ना काही असतं," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने मशिनचं बटण बंद केलं. कायदा करणाऱ्यांनी कानावर हात ठेवायचे आणि यांनी हात वर करायचे! तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली.

घरी लेक अंगावर प्यायला लागली. एरवी त्या चुटुचुटु आवाजाने दिवसाचा शीण उतरायचा. आज तिला तो ऐकवेना.

सकाळी तिने लेकीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. "आज कसलं गं ऑफिस?" त्यांनी विचारलं. "आहे," एवढंच ती म्हणाली. कुलूप रोज तीच उघडायची, किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. मशिन लावायचंच तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून तिने अडतीसच्या अडतीस नमुने लावले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो आकडा कागदावर आला. शंकेला जागाच नव्हती. तिने वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, ते पिवळ्या डोळ्यांचं बाळ कुठंय?"

"आईजवळ. आत्ताच प्यायला घेतलंय."

"काढा! आधी अंगावरून काढा त्याला, मग डॉक्टरांना बोलवा!"

पलीकडून धावणारी पावलं ऐकू आली, मग एका बाळाचं भुकेलं, चिडलेलं रडणं. फोन ठेवेपर्यंत तिचा पांढरा कोट पुढून ओला झाला होता. संताप आणि पान्हा एकदमच आला होता.

सोमवारी डॉक्टरांनी आभाराचा फोन केला, तोही नेमका साहेबांना. बाळ तगलं होतं. साहेबांनी तिला आत बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, झालं ते चांगलंच झालं. रिपोर्टवर फक्त आजची तारीख टाका. तुम्ही सुटलात, मीही सुटलो."

"नाही टाकणार."

"अहो, मेमो द्यावा लागेल मला! तुमचं कंत्राट दोन महिन्यांत संपतंय, आठवतंय ना?"

आठवत होतं. लेकीच्या डॉक्टरची फी, घरभाडं, सगळं आठवत होतं.

"सोमवारची तारीख टाकली, की वरच्यांच्या कागदावर काय दिसेल? सोमवारी तपासलं तरी बाळ वाचलं. पुढच्या वर्षी छाती पुढे काढून सांगतील, शनिवार बंद करून कुणाचं काय बिघडलं? माझ्या हाताने मी त्यांना तो पुरावा देऊ? हे बाळ शनिवारी वाचलंय, साहेब. सोमवारी नसतं वाचलं."

"तुम्ही काय दर शनिवारी येणार आहात?"

"नाही. म्हणूनच तारीख खरी हवी," ती म्हणाली.

टेबलाशी येऊन तिने अडतीस रिपोर्ट छापले. शनिवार, अकरा दहा. प्रत्येकावर स्वतःची सही केली, एक प्रत वॉर्डाच्या पाकिटात, एक आरोग्य संचालनालयाच्या. साहेबांच्या सहीची जागा मोकळीच राहिली. दारात मामा उभे होते. तिने दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात कोंबली.

"आत्ताच न्या, मामा. कुणी थांबवलं तर थांबू नका."