धुराची वायर

लिफ्टची वीज तोडणारा स्विच म्हणतात, तो मी. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनशेजारच्या भिंतीवर असतो.

माझं काम थोडं. मशीनच्या खोलीत आग लागली की छतातला फवारा सुटतो. पाणी पडण्याआधी मी लिफ्टची वीज तोडायची. उष्णता ओळखणारी एक डबी मला तसं सांगते. धूर ओळखणाऱ्या डब्या वेगळ्या, मजल्यामजल्यावर. त्यांनी लिफ्टला तळमजल्यावर न्यायचं, दार उघडायचं. आधी माणसं बाहेर, मग मी.

मला बसवणाऱ्या वायरमनने घाईत धुराची वायरही माझ्याकडेच आणली. अलार्म वाजतो एवढं पाहिलं. लिफ्ट खाली येते का, ते पाहायचं राहून गेलं. मला काय, जोडलं ते मी धरलं.

तीन वर्षांनी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी गादी पेटली. धूर झाला आणि मी पडलो, म्हणजे लिफ्टची वीज तोडली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पाचव्या मजल्यावरचे निवृत्त सर एकटेच. गादी दहा मिनिटांत विझली. सरांना काढायला पन्नास मिनिटं लागली. आधी ते दार वाजवत होते. मग वाजवणं थांबलं.

वाचले.

आठवड्याने वायरमन आला. झाकण काढून नुसता बघत बसला. मग वायर सोडवली, जिथली तिथे लावली आणि जिन्यातून पाचव्यावर उतरला. मशीनच्या खोलीचं दार उघडंच होतं, मला ऐकू आलं.

“सर, चूक माझी होती.”

“आता नीट केलंस?”

“केलं. चारदा तपासलं. चला, मी येतो सोबत खाली.”

“तू जा. मला खाली काही काम नाही.”

त्याला वर्ष झालं. सरांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही आणि लिफ्टमध्ये ते पाय ठेवत नाहीत. वायरमन न बोलावता दर दोन महिन्यांनी येतो, मला पाडतो, उचलतो, मग सरांची बेल वाजवतो. दोघं बसतात.

तुमच्याही इमारतीत माझ्यासारखा कोणी असेल. अलार्म वाजला म्हणून निर्धास्त होऊ नका. लिफ्ट खाली येऊन दार उघडते का, ते उभं राहून बघा.

संध्याकाळी सरांची मुलगी भाजी घेऊन लिफ्टने पाचव्यावर येते. लिफ्ट रिकामी खाली जाते. तिची वीज माझ्यातूनच जाते. मला काही जाणवत नाही.