कोबीचा पिरोग

आमच्या सारातोवच्या गणित विभागात एक मेला रिवाज होता. ज्याने आपलं संशोधन सगळ्यांपुढे मांडायचं, त्याने घरून पिरोग, म्हणजे सारण भरलेला मोठा पाव, भाजून आणायचा. काम मान्य झालं तर प्रोफेसर स्वतः सुरी लावणार, नाहीतर आणला तसा परत न्यायचा. त्या दिवशी आईने कोबी भरलेला पिरोग टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "ताया, रिकामी टोपली घेऊन ये गं बाई!" विभागात जागा एकच होती, आणि ती त्याच संध्याकाळी भरणार होती. हुकली असती तर मामाच्या टपरीवर चपला विकणं नशिबी होतं.

माझं म्हणणं असं, की पंपाचा दांडा ठरावीक जोराला वेडापिसा हेलकावतो, गेल्या वाटेने पुन्हा कधी जात नाही. दोन वर्षं मी ते वेड जपलं होतं. संगणक असलं गणित काळाची छोटी छोटी पावलं टाकत सोडवतो. सकाळी काय दुर्बुद्धी सुचली, मी पाऊल निम्मं केलं. आणि वेड गायब! दांडा शहाण्यासारखा एकाच फेरीत फिरत बसला. पुन्हा निम्मं केलं, तेच. दांडा वेडा नव्हताच, माझी पावलंच फार लांब होती. कर्म माझं! टेबलावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले.

माझे मार्गदर्शक ग्लेब अर्काद्येविच आत आले, संगणकाच्या पडद्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग मूग गिळून बस. जागा मिळू दे, दुरुस्त्या नंतर कर. तुझ्यासाठी किती जणांचे पाय धरलेत मी!"

मलाही पटलं ते. कशाला खोटं बोलू? संध्याकाळी फळ्यावर ते जुनंच सगळं नीट मांडलं. पहिल्या रांगेत म्हातारे प्रोफेसर वेनियामिन ओसिपोविच पेंगत होते. डोळे न उघडताच म्हणाले, "छान हो पोरी. पाऊल निम्मं करून बघितलंस ना?"

"बघितलं."

त्यांनी मान डोलावली आणि सुरी उचलली. तिथेच थांबले असते तर जागा माझी होती. पण जीभच आवरली नाही.

"बघितलं, आणि सगळं गेलं."

म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली. "मग नीट करून परत ये."

"कधी येऊ? जागा तर आज भरतेय!"

"हो, ते आहेच," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

बाहेर ग्लेब अर्काद्येविचनी हात पुढे केला. "फिटली हौस? आण ती संगणकाच्या खोलीची किल्ली."

घरी आईने माझ्या हातून टोपली घेतली आणि वजनानेच ओळखलं. पिरोग पाटावर काढून तिने मधोमध सुरी लावली. मग अचानक चिडून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं गं ते निम्मं करून बघायला?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

तिने मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला. तो चांगला झाला होता, आणि मी त्यातला कोबी नुसताच बाजूला काढत बसले.