कोनाड्यातला कप

मी एक जुना, कान तुटलेला चिनी मातीचा कप आहे. मित्रांनो, पाडव्याला तुम्ही नव्या वर्षाचे मनसुबे रचता. मला मात्र त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते ऐका.

वर्ध्याच्या बाजारातून पाच भावंडांबरोबर मी सेलूजवळच्या एका गावात, नानाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी आलो. पाहुण्यांच्या हातात मिरवताना माझा तोरा काय सांगू! मग एकदा घासताना माझा कान तुटला आणि नानाजींच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, मला फळीवरून काढून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलं. तिथं मी प्रेमदासचा झालो. प्रेमदास त्यांचा सालदार, वर्षभर शेत सांभाळणारा गडी.

अन्नपूर्णाबाई वरूनच धार धरून चहा ओतायच्या. प्रेमदास प्यायचा, मला स्वतः विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. मला वाटे, वा! भावंडं आज याच्या हातात, उद्या त्याच्या. मला मात्र हक्काचा माणूस आहे, हक्काचं घर आहे. असा फुगून बसायचो मी. मूर्ख कुठला!

आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला सुरू होतं. गुढी उभारली की मालक चहा देतो. गड्यानं तो घेतला की वर्षाचा शब्द पक्का. सत्तावन्न सालचा पाडवा होता. आदल्या दसऱ्याला प्रेमदासनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तो धुतलेलं पांढरं धोतर नेसून आला. अन्नपूर्णाबाईंनी मला भरलं. त्यानं हातही लावला नाही.

"नानाजी, साल तुमच्याच घरी करतो. पन या कपातून आता चहा पेत नाई."

"काऊन बा? कपाले काय झालं?"

"काईच नाई ना? मंग तुमीच पेऊन दाखवा याच्यातून."

नानाजींचा हात पुढं आला नाही. प्रेमदास वर्षाचा शब्द न देताच निघून गेला. मी इथं कशासाठी होतो, ते मला तेव्हा कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ते वर्षभर बैलांचं चारापाणी नानाजींनीच केलं. पुढच्या पाडव्याला ते गोठ्यात आले, माझ्यात चहा ओतला आणि घटाघटा प्याले. "चुकलो रे, प्रेमदास," म्हणाले. ऐकायला बैलांशिवाय कोणी नव्हतं.

अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "अवं, इथं गोठ्यात पेऊन काय फायदा? त्याच्या घरी जाऊन चहा मागा. देते का पाहा!"

नानाजींनी टोपी घातली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. गाव काय म्हणेल, ही भीती अजून सुटली नव्हती.

त्यालाही वर्ष झालं. आज पुन्हा पाडवा आहे. नानाजी पुन्हा फाटकाशी उभे आहेत. मित्रांनो, मला फोडलंत तरी चालेल, पण कुणासाठी वेगळा कप ठेवू नका. आणि ठेवला असेल, तर मुहूर्त पाहत बसू नका. प्रेमदासचं घर काही लांब नाही हो, चार पावलांवर आहे.